भरतीच्या वेळची विहीर

"मना फसवनारा अजून जल्माला यायचाय!" असं जनू म्हात्रे रोज म्हणायचा. एखाद्या दिवशी म्हणाला नाही, तर त्याची बायको चंद्रावती कपाळाला हात लावून ताप बघायची.

आता फसवायला त्याच्याकडे येत होतं कोण? तर कुणीच नाही! पण जनूचा पहारा चालूच. पेणला गणपती आणायला गेला की मूर्तीच्या पोटावर बोटाने टकटक करून कान लावायचा. "शाडूची बोलतंस, आत पिलास्टर नाय ना?" कारखानदार बिचारा देवाची शपथ घ्यायचा, आणि तीही त्याच देवासमोर. मासळीवालीच्या तराजूखाली हा वाकून बघायचा. मुलगा प्रणित डोलवीला कंपनीत लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जनूने गेटवर जाऊन वॉचमनला विचारलं होतं, "हा पोरगा खरा आत जातंय का नुस्ता डबा घेऊन फिरतंय?" वॉचमनने हे सगळ्या शिफ्टला सांगितलं. प्रणितला अजून कंपनीत 'नुस्ता डबा' म्हणतात!

तर अशा या जनूच्या घरात एकदम पैसा आला. चंद्रावतीच्या वडिलांची धरमतरकडची खारजमीन तिच्या नावावर होती, ती जेट्टीच्या रस्त्यात गेली आणि भरपाई तिच्या खात्यात जमा झाली. पैसा चंद्रावतीचा आणि डोकं जनूचं, असा कारभार सुरू झाला.

"बँकेत ठेवू," चंद्रावती म्हणाली.

"बँक कुनाची? आपली हाय काय?" जनू म्हणाला. "जमीन गेली, जमीनच घ्यायची! पन आता खारपट्टी नको गो. आयुष्यभर बांध बांधला, भरतीनं तो फोडला, परत बांधला. भात पिकवला आपन नि खाल्ला खाडीनं! मना अशी जमीन पायजे, जिला समुद्राचा पत्ता ठावा नाय!"

यात मात्र जनूची थट्टा करायला नको. खाडीकाठच्या माणसाला गोड्या पाण्याची भूक असते, ती आपल्याला कळायची नाही. चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही! नळाला पाणी येतं ते मर्जीने, आणि येतं तेव्हा सगळं गाव हंडे घेऊन रस्त्यावर. आपल्या मालकीच्या विहिरीतून घागरभर गोडं पाणी काढावं आणि ते तिथेच काठावर बसून प्यावं, एवढीच जनूची इच्छा होती. दुसरं काही त्याने कधी मागितलं नव्हतं.

पण गडबपासून हायवेच्या कडेला जमिनीचे भाव असे की नुसतं विचारलं तरी छातीत कळ यायची. तेव्हा शेजारचा हिरामण धावून आला. हिरामण पूर्वी रोह्याला कारखान्यात होता. त्याच्याबरोबर काम केलेले हैबतराव म्हणून एक गृहस्थ होते. मूळचे माणदेशातले, घाटावरच्या दुष्काळी मुलखातले. जन्म रोह्यात गेला, घरही तिथेच बांधलं, आणि आता गावची वाटणीची जमीन विकायची म्हणत होते.

"दुष्काळी जमीन घेऊन काय करू? उशाला घेऊ?" जनू म्हणाला.

"जमिनीसंगं पानी हाय!" हिरामण म्हणाला. "विहिरीत हिस्सा हाय त्यांचा. डाळिंब होतंय तिथं, डाळिंब!"

पाणी म्हटल्यावर जनूचा एक कान उभा राहिला. दुसरा संशयाने आधीच उभा होता. तो चंद्रावतीला घेऊन रोह्याला गेला.

हैबतराव साधे गृहस्थ. त्यांनी चहा पाजला आणि नीट समजावून सांगितलं. तिकडे पाऊस आला तर आला, त्यामुळे मातीला किंमत नाही, किंमत पाण्याला. विहीर सगळ्या भावकीची. तिच्यावर पाळ्या लावलेल्या. आठवड्यातले दोन दिवस पाणी हैबतरावांच्या शेताला, बाकीचे दिवस इतरांच्या. जमीन घेणाऱ्याला ती दोन दिवसांची पाळीही मिळणार. पाळी नसेल तर ती जमीन म्हणजे नुसता माळ. फक्त एक अट, विहिरीतल्या हिस्सेदारांची संमती लागते.

"म्हंजे दोन दिवस पानी माझा?" जनूने डोळे बारीक केले.

"व्हय की."

"नि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी आमच्या वैनींचं. बायजाबाई. भाऊ गेला माझा, आता भावकीत त्यांचाच शब्द चालतो बगा."

"नि त्या माझ्या दिवशी रातच्याला पंप लावनार नायत कशावरून?"

"आवं म्हात्रे, पाण्याची चोरी आमच्याकडं कुनी करीत न्हाय. पोरगी पळवली तर मिटवतील, पर पाळी मोडली तर तीन पिढ्या बोलत न्हाईत!"

जनूला हे उत्तर आवडलं. आपल्यासारखीच माणसं दिसतात, असं त्याला वाटलं. पण लगेच दुसरी शंका आली. "मग एवढा चांगला हाय तं इकताय कशाला?"

"मी रोह्यात, पोरं पुण्यात. पाळीच्या दिवशी मोटार चालू करायला मानूस नको का?"

जनू हैबतरावांबरोबर जाऊन जमीन बघून आला. उघडा माळ, बाभळी, आणि मधोमध दगडी बांधणीची ती विहीर! बायजाबाईंनी स्वतः पोहरा सोडला, जनूने ओंजळ पुढे केली आणि पाणी प्याला. गोड! इतकं गोड की त्याने आणखी दोनदा ओंजळ पुढे केली आणि तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र खारटच होतं.

घरी आला तो हवेत. "घेतली समज!" चंद्रावतीला म्हणाला. ती चहा ठेवायला आत गेली. जनू ऐसपैस बसला आणि त्याची नजर सहज भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. एक तारीख मागे, दोन तारखा मागे... आणि जनू ताडकन उठला.

"फसवला गो! फसवला!"

चंद्रावती गाळणी घेऊनच बाहेर आली. "काय झाला? विंचू चावला काय?"

"ज्या दिवशी विहीर दाखवली ना, त्या दिवशी अष्टमी व्हती!"

आता हे तुम्हाला आम्हाला कळायचं नाही. पण चंद्रावतीला कळलं. खाडीकाठी विहिरीचं पाणी तिथीवर चालतं. अष्टमीच्या सुमाराला भरती कमी, त्याला भांग म्हणतात, तेव्हा विहिरी त्यातल्या त्यात गोड. अवस आणि पौर्णिमेला उधाण येतं, खाडीचं पाणी जमिनीखालून विहिरीत शिरतं आणि आदल्या आठवड्यातला चहा पुढच्या आठवड्यात थुंकावा लागतो. म्हणून तिकडे मुलीकडच्या माणसांना घर बघायला अष्टमीला बोलवायची पद्धत आहे. पाहुणे चहा पितात, वा वा म्हणतात, सोयरीक जमते.

"तुमच्या बानं माझ्या बाला अष्टमीलाच बोलावला व्हता," चंद्रावती म्हणाली. "गोड पानी, गोड पानी करीत आला नि मना हितं देऊन मोकला झाला. लगनानंतर अवस आली तवा कलला मना!"

"तेच तं सांगतंय! आमच्या घरातलीच युक्ती ही! मना शिकवतंय हैबतराव!"

प्रणित शिफ्टवरून नुकताच आला होता. त्याने बूट काढता काढता विचारलं, "बाबा, माणदेशात समुद्र कुठाय? मधी अख्खा सह्याद्री हाय!"

"समुद्र वरून जातंय काय? खालून जातंय!"

"एवढ्या लांब?"

"तुना काय म्हायीत समुद्र कुठपर्यंत जातंय? तू गेलायस बगायला?"

प्रणितने बूट परत घातले आणि मित्राकडे निघून गेला. पण मनातून जनूला ती जमीन हवी होती, फार हवी होती. ती ओंजळ विसरवत नव्हती. म्हणून तर त्याला पक्की खात्री करून घ्यायची होती. त्याने हैबतरावांना फोन लावला आणि बजावून बजावून सांगितलं.

"येत्या अवसेला, भर दुपारी बाराला, त्याच विहिरीचा पानी काढायचा. बाराच्या आधी नाय, नंतर नाय. कॅनमध्ये भरायचा नि तोंड घट्ट बांधायचा. काढताना आजूबाजूला कुनी नको. मग तो कॅन तिथनं रोह्यापर्यंत आनायचा. वाटेत कुठं खाली टेकवायचा नाय. हातातनं सोडायचा नाय. वाटेत कुनाशी बोलायचा नाय, नि काय हाय ते कुनाला सांगायचा नाय. नि ज्यानं पानी काढला त्याचा पुरा नाव मना पायजे."

यातला शब्द न् शब्द हिशेबाने सांगितलेला होता. अवसेची भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते. टेकवला तर एस.टी. स्टँडवर कुणीतरी कॅन बदलणार. बोलत बसला तर लक्ष उडणार. नाव पाहिजे ते उद्या जबाबदार कोण म्हणून! जनूला स्वतःच्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

पलीकडे हैबतरावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"का ओ? बोलत का नाय?"

"न्हाय... म्हंजे... अवसंलाच का, म्हात्रे?"

"का ते तुमाला म्हायीत हाय!" जनू म्हणाला आणि फोन ठेवला. "बगितलास गो? घाबरला! चोरी सापडली!"

हैबतराव घाबरले होते हे खरंच. पण चोरी सापडली म्हणून नव्हे. घाटावरच्या माणसाला कोकणाबद्दल दुसरं काही माहीत नसलं तरी एक गोष्ट आजीने सांगितलेली असते, की कोकणातल्या माणसाला करणी येते. हैबतरावांचा जन्म रोह्यात गेला होता, आणि त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण अवस, भर दुपार, मुक्याने आणलेलं विहिरीचं पाणी आणि पुरं नाव, एवढं सगळं एकदम आलं तर विश्वास नसलेला माणूसही जरा सावरून बसतोच. त्यांनी रोह्यातलं घर दारावर लिंबू टांगून सुरक्षित केलं आणि बायजाबाईंना फोन केला.

अवसेच्या दुसऱ्या दिवशी जनू आणि चंद्रावती पेणहून रोह्याच्या गाडीत बसले. आज काय तो सोक्षमोक्ष! चंद्रावतीने पाहुणचाराची पिशवी भरली होती. पेणचे पोहे, नारळ, माहेरच्या मिठागरातलं जाडं मीठ. तसं मीठ बाजारात मिळत नाही म्हणून ती कुणाकडेही जाताना आवर्जून न्यायची. गाडी लागते म्हणून चार लिंबं. जनूने बगलेत एक गावठी कोंबडी घेतली होती. जेवायला बोलावलंय म्हटल्यावर मोकळ्या हाताने कसं जायचं? कोंबडी काळी होती. घरात तीच धरायला मिळाली!

हैबतरावांच्या ओटीवर खुर्चीत बायजाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर पांढरा कॅन, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. निघाल्यापासून त्यांनी तो खाली टेकवला नव्हता, आणि कुणाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. कंडक्टरने "कुठं जायचं आजी?" विचारलं तेव्हा नुसतं बोट दाखवलं होतं म्हणे. त्यांनी जनूकडे पाहिलं, त्याच्या बगलेतल्या काळ्या कोंबडीकडे पाहिलं, आणि कॅन आणखी आवळला.

"नमस्कार, बाय," जनू म्हणाला.

बायजाबाई गप्प.

'बोलत का नाय?' जनूच्या मनात आलं. 'त्या दिवशी तर खूप बोलत व्हती. काहीतरी लपवतेय!'

"बसा, बसा," हैबतराव म्हणाले, पण स्वतः दोन पावलं मागे सरकले. चंद्रावतीने हसत हसत पिशवी उघडली. आधी नारळ बाहेर आला. मग एक एक करून लिंबं आली. मग तिने मिठाची पुडी सोडली आणि ताटलीत ओतून म्हणाली, "हे खास तुमच्यासाठी आनलाय हां!"

हैबतरावांनी दारावरच्या लिंबाकडे बघून घेतलं. बायजाबाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागल्या. जनूने कोंबडी खाटेच्या पायाला बांधली आणि बाह्या वर केल्या.

"चला! वेळ घालवू नका. कॅन इकडं द्या. नि एक वाटी द्या, काशाची असली तर बरा."

स्टीलला चव लागते म्हणून त्याने काशाची मागितली. हैबतरावांनी ती आणून लांबूनच पुढे केली. जनूने आधी साध्या पाण्याने चूळ भरली आणि डावीकडे टाकली, मग उजवीकडे टाकली. नंतर तो पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. पाणी जोखताना समुद्राकडे तोंड करायचं, ही त्याच्या आजोबांपासूनची सवय. त्याने वाटीत कॅनमधलं पाणी घेतलं, डोळे मिटले, घोट तोंडात फिरवला. कोंबडीसुद्धा गप्प झाली.

आणि जनूने पिचकारी मारली ती थेट अंगणात!

"खारा! खारा हाय! खारट ढोण! बोललो नव्हतो मी? आला का नाय समुद्र? चंद्रावती, चाखून बग! अवसेचा उधाण हाय हा! हैबतराव, मना फसवता काय?"

आनंदाने तो नाचायचाच बाकी होता. हवी होती ती जमीन हातची गेली, याचं दुःख त्याला अजून व्हायचं होतं. आधी आपण बरोबर निघालो याचा सोहळा चालला होता.

"आवं, कसला समुद्र?" हैबतराव चक्रावले. "आमच्या गावात जन्मात कुनी समुद्र बगितला न्हाय!"

"तोच तं! तुमाला न दिसता खालनं आला!"

तेवढ्यात कालपासून बंद असलेलं बायजाबाईंचं तोंड उघडलं, आणि एक दिवसाचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मुडदा बशिवला तुझा समुद्राचा! मीठ मी घातलंय त्यात! मूठभर घातलंय, मंतरून घातलंय! आमच्या विहिरीवर करणी करतोस व्हय रं? अवसंचं पाणी पायजे, बारा वाजताच पायजे, बोलायचं न्हाय, टेकवायचं न्हाय! माझं नाव पायजे तुला? बायजाबाई माझं नाव! घे! काय करतोस ते कर! मीठ घातल्यावर करणी उलटती, ठावं हाय का?"

जनूने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"करणी?" जनू म्हणाला. "कुनाची करणी?"

"तुझी!"

"मी? मी तं पानी गोड हाय का खारा एवढाच बगत व्हतो!"

"त्यासाठी अवस लागती?"

"मग काय अष्टमीला बगू? अष्टमीला सगल्यांचाच गोड लागतंय!"

"आनि ही काळी कोंबडी?"

"ती जेवायला आनली!"

"आनि लिंबू?"

"हिला गाडी लागते!"

एवढं सरळ सरळ उत्तर मिळाल्यावर कुणाचाही विश्वास बसला असता. पण बायजाबाईंचा बसला नाही, आणि मुख्य म्हणजे बायजाबाईंच्या मिठावर जनूचाही बसला नाही! तो हैबतरावांना कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ही बाय खोटा बोलते. स्वतःच्या पान्यात कोन मीठ घालेल ओ? जमीन इकायचीय तं साखर घालतील, मीठ कशाला घालतील? खारा पानी लपवायला मिठाची गोष्ट रचलीय. मी काय कालचा हाय काय?"

"आवं, त्या खरंच..."

"तुमी मधी बोलू नका. तुमी भावकीतले!"

याच वेळी कोंबडीने सुतळी तोडली. ती फडफडत थेट हैबतरावांच्या अंगावर गेली आणि रोह्यात जन्म घालवलेले, असल्या गोष्टींवर विश्वास नसलेले हैबतराव खाटेवर चढून देवाचा धावा करू लागले. बायजाबाईंनी ताटलीतलं मीठ उचलून कोंबडीवर फेकलं. ते जनूच्या डोळ्यांत गेलं. जनू "आंधला केला! आंधला केला!" म्हणत ओटीभर फिरला आणि कॅनला अडखळला. कॅन आडवा. अवसेच्या भर दुपारी काढलेलं, मुक्याने आणलेलं ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याला गेलं.

हा सगळा गोंधळ चालू असताना चंद्रावती पायरीवर बसली होती. आधी तिने पदर तोंडाला लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मग तिला राहवेना. ती हसत सुटली ती अशी, की बायजाबाईंचा मिठाचा हात वरच थांबला.

"बाय गो," चंद्रावती डोळे पुसत म्हणाली, "चल आत. मी सांगते तुना, माझ्या बाला कसा अष्टमीचा चहा पाजला ते."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर जनू आणि हैबतराव समोरासमोर बसले. जनू बघत होता, हैबतराव काही खूण करतात का. हैबतराव बघत होते, जनूचे ओठ हलतात का. मधून मधून आतून हसू येत होतं. आधी चंद्रावतीचं, मग बायजाबाईंचं, मग दोघींचं मिळून.

'एवढ्या हसतात म्हंजे माझ्यावरच,' जनूला वाटलं, आणि यावेळी त्याचा संशय अगदी बरोबर होता.

आता मात्र त्याला ती ओंजळ आठवली. ते थंडगार, दगडाचा वास असलेलं पाणी. आपण उगीच तर नाही ना... छे! पण मीठ खरंच मुठीनेच घातलेलं असेल तर? तोंडातली चव अजून गेली नव्हती. ती चव खाडीची नव्हती. खाडीचं पाणी जरा कडवट लागतं, हे त्याच्याशिवाय कोणाला कळणार? जमीन हातची गेली तर? दुसऱ्या कुणी घेतली तर?

बायका बाहेर आल्या. बायजाबाईंचे डोळे हसून लाल झाले होते.

"भावजी," त्या हैबतरावांना म्हणाल्या, "माणसं चांगली हायेत. जमीन यांनाच द्यायची. माझी संमती हाय. बाकीच्यांची मी घेते. पाळी दोन दिसांची, चोख मिळंल. वर पहिल्या वर्षी रोपं आमच्या बागंतली देते, फुकट."

हैबतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जनूच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. त्याने तोंड उघडलं. 'घेतो' म्हणायचंच होतं. आणि तोंडातून निघालं काय?

"का?"

"का म्हंजे?"

"मघाशी मीठ मारत व्हती नि आता रोपा फुकट? एकदम एवढी तयार कशी झाली? काहीतरी हाय! नको! मना नको ही जमीन!"

बोलला आणि स्वतःच हबकला. पण शब्द गेला तो गेला. त्याने आशेने चंद्रावतीकडे पाहिलं. तिने नुसतं 'जाऊ द्या, घ्या' म्हटलं असतं, तर तो फार आढेवेढे न घेता तयार झाला असता.

"तुमाला नको ना?" चंद्रावती म्हणाली. "मग नको. मी घेते."

"तू?"

"मी. पैसा माझ्या खात्यात हाय, जमीन माझ्या बाची गेलीय. सातबाऱ्यावर माझा नाव लागंल. तुमी बसा तिथं बगत."

जनूला वाटलं, चला, बायकोच्या नावावर तर बायकोच्या नावावर! विहीर तर घरात आली! त्याने चेहरा नाइलाज झाल्यासारखा केला. पण आतून त्याची ओंजळ तयार झाली होती.

"फकस्त एक अट हाय," बायजाबाई म्हणाल्या आणि जरा ओशाळल्या. "तू सांगितलंस ते मला समदं पटलं गं, चंद्रावती. पर मी निघायच्या आदी गावात समद्यांना सांगून बसलीया. हिस्सेदार काठ्या घेऊन बसल्याती. त्यांना आता मी भरती नि अष्टमी कशी समजावू? त्यांनी समुद्रच बगितला न्हाय! तेव्हा जमीन तुझी, पाळी तुझी, तू ये, तुझा पोरगा येऊ दे. पर ह्यो बाबा विहिरीपाशी फिरकायचा न्हाय. अवस-पुनवंला तर न्हाईच, पर एरवी बी न्हाई."

"कबूल!" चंद्रावती म्हणाली. तिने जनूकडे वळूनही पाहिलं नाही.

खरेदीखत झालं, रोपं लागली. आता पाळीच्या दिवशी चंद्रावती जाते, प्रणित सुट्टी काढून मोटार चालू करतो. जनूही जातो. पण हद्दीवर एक बाभूळ आहे, तिच्याखाली बसायची त्याला परवानगी आहे, पुढे नाही. तिथून त्याला विहिरीचा काठ दिसतो, पाटातून पाणी धावताना दिसतं. विहिरीवरचा एक माणूस पूर्ण वेळ त्याच्याकडे संशयाने बघत बसलेला असतो, तोही दिसतो. आयुष्यभर जनूने जगाकडे जसं पाहिलं, अगदी तसंच!

चंद्रावती दया येऊन कळशी भरून बाभळीखाली आणते. "प्या ओ, गोड हाय."

"माझ्या डोल्यांसमोर काढलास काय? नाय ना? मग मी कसा पिऊ?" असं म्हणून जनू पेणहून आणलेल्या नळाच्या पाण्याची बाटली काढतो.

परवा पेणच्या स्टँडवर हिरामण भेटला. म्हणाला, "काय जनू, बागाईतदार झालास! पानी कसा हाय विहिरीचा?"

जनूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "गोड हाय... असा म्हनतात."